फ्लिंटचे पाणी
(पालक-सभेत दिलेल्या भाषणावरून)



मी इतिहास-भूगोलाचा शिक्षक. अमेरिकेचा नकाशा फळ्यावर काढताना मिशिगन राज्याभोवतीची गोड्या पाण्याची अफाट सरोवरे मी मुलांना मोठ्या कौतुकाने दाखवतो. त्याच राज्यात फ्लिंट हे शहर आहे. २०१४ साली त्याची वस्ती सुमारे एक लाख होती. १९०८ साली जनरल मोटर्स कंपनी तिथे स्थापन झाली. पुढे कारखाने उठले, ऐपतदार गोरे लोक उपनगरांत गेले. मागे राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक काळे, आणि त्यांतले बरेच गरीब. एके काळी त्या शहरातल्या कित्येक भागांत काळ्या माणसाला घर विकत मिळत नसे, हेही ध्यानात ठेवा.

शहराची तिजोरी रिकामी, म्हणून गव्हर्नरने प्रशासक नेमला. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. एप्रिल २०१४ मध्ये काटकसरीसाठी डेट्रॉइटहून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी नळांना सोडण्यात आले. हे पाणी धातू खाणारे होते, आणि अनेक जुन्या घरांचे पाइप शिशाचे. पाइपाच्या आत संरक्षक थर धरावा म्हणून पाण्यात फॉस्फेटसारखे द्रव्य मिसळतात. तेथे ते मिसळलेच नाही! शिसे पाण्यात उतरू लागले. शिशाला चव नाही, वास नाही, आणि लहान मुलाच्या मेंदूला त्याने केलेली इजा भरून निघत नाही.

आया तांबूस पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेल्या. उत्तर मिळाले, पाणी सुरक्षित आहे. बिले मात्र येतच होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी नाकारले, कारण यंत्रांचे भाग गंजत होते. कारखान्याला दुसरे पाणी मिळाले. माणसांना ते मिळायला आणखी एक वर्ष लागले.

तेही मिळाले ते डॉ. मोना हॅना-अतिशा या इराकी कुटुंबातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंमुळे. त्यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे पडताळले. रक्तात जादा शिसे असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. सरकारी अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच चुकीचे ठरवले, मग काही दिवसांनी मान तुकवली. २०१७ साली राज्याच्या नागरी हक्क आयोगाने या प्रकरणाच्या मुळाशी पिढ्यानपिढ्यांचा वर्णभेद असल्याचे नमूद केले. कोणी एकाने दुष्टपणे ठरवून केले असे नव्हे, तर व्यवस्थाच तशी घडत गेली होती.

एप्रिल २०१८ मध्ये, पाणी आता चांगले आहे असे सांगून राज्याने फुकट बाटल्या बंद केल्या. २०२५ पर्यंत सुमारे ११,००० पाइप बदलले गेले. तरीही कित्येक घरांत पुढे वर्षानुवर्षे पिण्याला विकतचेच पाणी. कोणी याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. पाणी सुरक्षित आहे, हेच शब्द त्यांनी २०१५ सालीही ऐकले होते. तुमच्या घरी तान्हे मूल असते, तर त्या नळाचा पहिला पेला तुम्ही त्याच्या तोंडाला लावला असता का?