'स्वस्थ राहा' म्हणजे नेमके काय करा?

(कामाच्या ठिकाणी वाटल्या जाणाऱ्या आरोग्यपत्रकांची भाषा या विषयावर कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

कारखान्याच्या फाटकाशी, कँटीनच्या भिंतीवर, कचेरीच्या जिन्यात अलीकडे एक वाक्य वारंवार दिसते : 'स्वस्थ राहा, आनंदी राहा.' अक्षरे ठळक, कागद गुळगुळीत, शेजारी व्यायाम करणाऱ्या हसतमुख माणसाचे चित्र. लिपी देवनागरी आहे. पण वाक्य मराठी आहे काय? हिंदीत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी. मराठीत 'स्वस्थ' म्हणजे शांत, हालचाल न करणारा, काही न बोलणारा. घरात पोराने फार दंगा केला की आई म्हणते, 'अरे, जरा स्वस्थ बस!' इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत उतरलेल्या त्या वाक्याने मराठी कामगाराला निरोगी राहण्याचा सल्ला दिलाच नाही. त्याला गप्प राहायला सांगितले.

ही चूक भाषांतरकाराची. त्याने ती हेतुपुरस्सर केली असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या पत्रकातील पुढचा मजकूर वाचला म्हणजे ही चूक नकळत खरे बोलून गेली आहे, असे वाटू लागते. पुरेशी झोप घ्या. ताणतणावाचे व्यवस्थापन करा. रोज दहा हजार पावले चाला. व्यसनांपासून दूर राहा. सकारात्मक विचार करा. सगळी वाक्ये आज्ञार्थी आणि सगळ्या आज्ञा कामगाराला. बारा तासांची पाळी कोणी लावली, सलग तीन रातपाळ्या कोणी दिल्या, धूळ ओढून घेणारा पंखा कोणी बंद ठेवला, याविषयी पत्रकात एक अक्षर नाही. रोग कामगाराच्या सवयीतून आला आणि उपायही त्याच्याच सवयीत आहे, हा त्या पत्रकाचा सिद्धांत आहे. तो कोठेही मांडलेला नाही. तो केवळ व्याकरणातून सांगितला आहे.

हे कार्यक्रम मूळचे अमेरिकेतले. तेथे कामगाराचा आरोग्यविमा बहुधा मालकामार्फत असतो. विम्याचा खर्च वाढू लागला तेव्हा कामगाराच्या सवयी सुधारून तो आटोक्यात आणावा, या हिशेबाने हे कार्यक्रम फोफावले. त्यांचा परिणाम काय झाला, याची कसोशीने पाहणीही झाली. एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणांतील सुमारे ३३,००० कामगारांवरील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम लाभलेल्या ठिकाणचे कामगार अधिक व्यायाम करत असल्याचे सांगत होते. परंतु १८ महिन्यांनंतर वजन, रक्तदाब, गैरहजेरी, औषधपाण्याचा खर्च यांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायाम वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. कामाची रचना तशीच ठेवून केवळ उपदेश केल्याने फारसे काही साधत नाही, एवढे त्यातून दिसते.

त्याच देशात, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील शिक्षकांनी २२ फेब्रुवारी २०१८ रोजी संप पुकारला. पगार आणि विम्याचा वाढता भार हे त्यांचे मुख्य प्रश्न होते. परंतु संतापात भर घातली ती एका आरोग्य-कार्यक्रमाने. मोबाइलवर पावले मोजा, गुण मिळवा. नाहीतर दरमहा २५ डॉलर जादा भरा, अशी ती योजना होती. शिक्षकांच्या विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. पुस्तिकांमध्ये अशा कार्यक्रमांना 'ऐच्छिक' म्हटले जाते. ज्या इच्छेला नकार दिला की दंड बसतो, तिला मराठीत सक्ती म्हणतात.

म्हणून आरोग्यपत्रक कसे लिहावे आणि कसे भाषांतरित करावे, हा प्रश्न भाषाशुद्धीच्या हौशी मंडळींवर सोपवण्याजोगा नाही. तो जबाबदारी कोणाची, हे ठरवण्याचा प्रश्न आहे. वेतनकराराचा मसुदा कामगार संघटना ज्या बारकाईने तपासते, त्याच बारकाईने तिने हा मजकूर तपासला पाहिजे. त्यासाठी काही नियम मांडता येतील.

पहिला नियम कर्त्याचा. सरकारी मराठीने 'करण्यात यावे', 'घेण्यात यावी' या प्रयोगांची सवय लावून ठेवली आहे. 'यंत्रावर काम करताना योग्य ती काळजी घेण्यात यावी.' कोणी घ्यावी? योग्य म्हणजे कोणती? अपघात झाला म्हणजे चौकशीत याच वाक्यावर बोट ठेवून 'काळजी घेतली नाही' असा ठपका कामगारावर येतो. तेच वाक्य असे लिहून पाहावे : 'पाळी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझरने यंत्राचे झाकण बसवले आहे की नाही हे पाहावे. झाकण नसेल तर यंत्र चालू करू नये. त्याबद्दल कामगाराचा खाडा धरला जाणार नाही.' वाक्ये तीन झाली, डौल थोडा कमी झाला. पण कर्ता सापडला. कर्ता सापडला की जाब विचारता येतो.

दुसरा नियम क्रमाचा. पत्रकात मालकाने काय करायचे ते आधी यावे, कामगाराने काय करायचे ते नंतर. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य लिहिण्यापूर्वी पिण्याचे पाणी कोठे ठेवले आहे आणि लघवीला जाण्याची सुट्टी कोण देणार, हे लिहिलेले असले पाहिजे. जेथे बाईकामगार स्वच्छतागृहाअभावी दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात, तेथे तो सल्ला चेष्टा ठरतो.

तिसरा नियम शब्दांचा. दुखणे अंगावर वागवणाऱ्याने त्याला दिलेले शब्द पत्रकात आले पाहिजेत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या रोगाची ओळखखूण अशी की, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते. सुरुवातीच्या काळात पुढच्या दिवसांत हा त्रास कमी होतो. 'श्वसनविषयक अस्वस्थता जाणवल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा' असे लिहिले की ही खूणच पुसली जाते. 'सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते का?' असा प्रश्न छापला, तर सूतखात्यातला कामगार शेजारच्याकडे वळून म्हणेल, 'अरे, हे तर आपलेच!' आणि आपले एकट्याचे दुखणे हे खात्याचे दुखणे आहे, हे त्याला उमगेल. संघटनेची सुरुवात बहुधा अशाच वाक्यापासून होते.

मात्र याचा अर्थ वैद्यकीय शब्द टाळावेत असा नाही. रोगाचे नाव आणि रसायनाचे नाव जसे दवाखान्याच्या कागदावर आणि पिंपावर असते तसेच, देवनागरीत, लिहावे. सिलिकोसिससाठी संस्कृतातून नवा शब्द घडवून कामगाराच्या हाती दिला, तर नुकसानभरपाईच्या अर्जात तो शब्द कोणी ओळखणार नाही. 'सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुस निकामी करणारा रोग', एवढे पुरे. सोपी भाषा म्हणजे अपुरी भाषा नव्हे. कामगाराला कमी सांगण्यासाठी सोपेपणाची सबब पुढे करणे, हा दुसऱ्या टोकाचा अपराध आहे.

चौथा नियम संमतीचा. आरोग्य-तपासणीच्या कागदावर अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे त्याच कागदावर असली पाहिजेत : हा अहवाल कोण पाहणार? तो कोठे व किती दिवस ठेवणार? रोग निघाला तर नोकरीचे काय? आणि 'नाही' म्हटले तर काय होईल? समुपदेशनासाठी दूरध्वनी क्रमांक दिला जातो, तेव्हाही हेच. पलीकडे बोलणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे, हे कळल्याशिवाय कोणी मन मोकळे करणार नाही. आणि तसे न करण्यात त्याचे शहाणपणच आहे.

येथे 'खाडा' या शब्दाकडे पुन्हा वळले पाहिजे. ऊसतोडीच्या टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की तो खाडा आणि त्याचा दंडही खाडाच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासाने बुडणारा दिवस आणि त्यापायी बसणारा दंड हे त्यामागचे एक कारण असल्याचे या महिलांनीच सांगितले. अशा ठिकाणी 'महिलांनी नियमित तपासणी करून घ्यावी' हे निर्दोष मराठी वाक्य खोटे असते. ते खरे करायचे तर त्यापुढे आणखी एक वाक्य जोडावे लागते : 'तपासणीच्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही.' हे दुसरे वाक्य भाषांतरकाराला लिहिता येत नाही. ते संघटनेला मिळवावे लागते.

पाचवा नियम आदराचा. 'श्रमिक बंधूंनो' या संबोधनाने निम्मा कामगारवर्ग पहिल्याच ओळीत बाहेर राहतो. मराठी क्रियापद लिंग उघड करते, म्हणून लिहिणाऱ्याने अधिक सावध असावे. 'थकलेला असाल तर' याऐवजी 'थकवा आला असेल तर' लिहिले की स्त्री-पुरुष दोघांनाही ते लागू पडते. तसेच उपदेशाचा सूर वर्ज्य करावा. रातपाळीला झोप आणि भूक मारण्यासाठी तंबाखूची गोळी दाढेखाली धरणाऱ्याला 'व्यसनाधीनता टाळा' असे सुनावणाऱ्याने, त्या पाळीत चहा कितीदा मिळतो हे आधी पाहावे.

सहावा नियम परीक्षेचा. कोणतेही पत्रक छापण्यापूर्वी त्या खात्यातल्या चार-पाच कामगारांना वाचून दाखवावे आणि 'काय समजले ते सांगा' असे म्हणावे. 'समजले का?' असे विचारू नये; त्याला साहेबासमोर कोणीही 'हो'च म्हणेल. 'स्वास्थ्य शिक्षा अभियान' असा मथळा असा वाचून दाखवला असता, तर ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याबद्दल, असे पहिल्याच मराठी श्रोत्याने विचारले असते.

या मागणीला कायद्याचा आधार नाही असे कोणी समजू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ नुसार कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक होते. तरीही डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली, तेव्हा त्या कारखान्यातील सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना केवळ हिंदी येत होते, असे नंतरच्या वृत्तांतांतून पुढे आले. तोंडावर ओले फडके धरा, हे साधे वाक्यही भोवतालच्या वस्तीला कोणी आधी सांगून ठेवले नव्हते. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने घेतली. या संहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो सकारण आहे. परंतु आपल्या सुरक्षेविषयीची व आरोग्याविषयीची माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क तीत आहे, आणि ठरवून दिलेल्या वर्गांतील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणीही आहे. म्हणजे अर्ज, अहवाल, पत्रके यापुढे वाढतच जाणार. न समजणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही दिलेली माहिती नव्हेच, हा आग्रह धरण्याची वेळ हीच आहे.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. 'बहुसंख्यांची भाषा' एवढ्यावर समाधान मानले, तर अल्पसंख्य कामगार मरणाच्या दारात उभा राहतो. सोलापूरच्या मागांवर तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर आहे. भिवंडीत उर्दू, हिंदी, तेलुगू सारे एका छपराखाली आहेत. बांधकामांवर ओडिया आणि बंगाली ऐकू येते. मराठी पत्रकाचा आग्रह धरणाऱ्याने ओडिया पत्रकाचाही आग्रह धरला पाहिजे. आगीत, वायूत, कोसळणाऱ्या परांचीवर भाषेची अस्मिता उपयोगी पडत नाही. शेजाऱ्याला वेळेवर कळलेले एक वाक्य उपयोगी पडते.

कामगारांसाठी मराठीत कसे लिहावे, याचा नमुना शोधायला फार दूर जायला नको. १८८४ मध्ये 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. आरोग्याचा याहून मोठा कार्यक्रम कोणता असू शकतो? त्यात 'निरामय जीवनशैली' नाही. तास आहेत, तारीख आहे, रक्कम आहे, आणि कोणी काय द्यायचे हे आहे. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी १८९० मध्ये, १० जून रोजी, मान्य झाली. गिरणीत पडलेल्या कामगाराला पहिली झोप मिळाली ती उपदेशाने नव्हे, त्या सहीने.

तेव्हा साथींनो, उद्या फाटकावर नवे पत्रक लागेल तेव्हा कार्यकर्त्याने ते फाडू नये आणि डोळे मिटून वाटूही नये. खिशातून पेन्सिल काढावी आणि प्रत्येक वाक्यासमोर दोन शब्द लिहावेत : 'कोणी करायचे?' ज्या वाक्याला उत्तर मिळणार नाही, ते वाक्य घेऊन व्यवस्थापकाच्या दारात जावे. आणि तेथे मात्र मुळीच स्वस्थ राहू नये.