सही झाल्यानंतरचं काम



‘मी मोठेपणी कोण होणार’ या निबंधात ‘सरकारी खरेदी अधिकारी’ असं लिहिणारं मूल मला आजवर भेटलेलं नाही. कलेक्टर होणारी भेटतात, डॉक्टर होणारी भेटतात, हल्ली यूट्यूबर होणारीही भेटतात. निविदा, करारनामा, पुरवठा आदेश या काही स्वप्नात यायच्या गोष्टी नव्हेत. आणि या शाखेत नोकरी लागली, की नातेवाइकांना एकच कुतूहल असतं, वरकमाईचं. लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर आवाज खाली आणून ते विचारलं जातं. आज पदवी घेणाऱ्यांच्या, इथे बसलेल्या पालकांनाही विचारलं जाईल, म्हणून आधीच सांगतो: हसून विषय बदलू नका. हसलात की तो होकारच धरतात.

लाच घेऊ नका हे मी तुम्हाला सांगायला आलेलो नाही. ते तुमच्या घरच्यांनी सांगितलेलं असेल. मला म्हणायचंय ते त्याच्या पुढचं आहे. या कामात नुसतं प्रामाणिक असून भागत नाही. एक पैसा न खाणारा, पण अट ढिसाळ लिहिणारा आणि सही झाल्यावर कराराकडे वळूनही न पाहणारा अधिकारी जे नुकसान करतो, ते कुठल्या गुन्ह्याच्या नोंदीत येत नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसतं, जेव्हा सर्पदंशावरचं इंजेक्शन संपलेलं असतं आणि पुरवठा आदेश अजून टेबलावर असतो.

एक गोष्ट सांगतो, मुंबईच्या विमानतळावरची. १९७७ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने तिथे दुसऱ्या श्रेणीचं एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा मागवल्या. अट अशी, की निविदा भरणारा दुसऱ्या श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक हवा आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. ज्याची रक्कम सर्वांत जास्त, म्हणजे दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे होती, त्याला काम मिळालं. त्याने कॅन्टीनं चालवलेली होती, पण ती श्रेणी त्याच्याकडे नव्हती. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रमणा दयाराम शेट्टी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि तुमच्यापैकी कायद्याचा पेपर दिलेल्यांना तो परीक्षेपुरता ठाऊक असेल. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: सरकारने एकदा कसोटी जाहीर केली, की ती सरकारलाही बांधते. सोयीची वाटली नाही म्हणून ती गुपचूप बाजूला ठेवता येत नाही.

का नाही? जास्त पैसे येत होते, माणूस अनुभवी होता, मग बिघडलं कुठे? ज्यांनी ती जाहिरात वाचली, आपण अटीत बसत नाही असं म्हणून कागद घडी घालून ठेवला आणि निविदाच भरली नाही, त्यांचं काय? अट सैल आहे हे ठाऊक असतं तर त्यांनीही भरली असती. तुमच्या टेबलावर आलेल्या लिफाफ्यांवर सगळ्यांची नजर असते. न आलेल्या लिफाफ्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि बहुतेक अन्याय तिथेच झालेला असतो.

या निकालाचा शेवट वर्गात घाईत आटोपतात. न्यायालयाने ते काम रद्द केलं नाही. दाद मागणाऱ्याने स्वतः निविदा भरलीच नव्हती, तो उशिरा आला होता, आणि तोवर दुसऱ्याने तिथे खर्च करून काम उभं केलं होतं. तत्त्व कायम राहिलं, कंत्राटही कायम राहिलं. निकाल लागेपर्यंत उपाहारगृहात चहा विकला जात असतो, हेही या धंद्यातलं एक सत्य आहे. म्हणून अट नीट लिहायची ती आधी. नंतर कोर्ट आहेच, या भरवशावर राहायचं नाही.

अट लिहिणं म्हणजे काय, ते शाळेच्या बाकावरून पाहा. ‘बाक उत्तम दर्जाचे व टिकाऊ असावेत’ असं लिहिलं की काम सोपं होतं, फक्त ते पुरवठादाराचं. पत्रा किती जाडीचा, जोड कुठे, वजन किती पेललं पाहिजे, तपासणी कोण करणार आणि कारखान्यात की शाळेत, हे लिहिलंत तरच नापास करण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो. उलट टोकही असतं. एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून त्यातली मापं शब्दशः उतरवली, की निविदा उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. अशी निविदा वाचून बाजारातला पोरगासुद्धा सांगतो कुणाची आहे. निविदापूर्व बैठकीत लहान पुरवठादार काय कुरकुर करतात ते कान देऊन ऐका. त्यात तथ्य असेल तर शुद्धिपत्रक काढा. त्यात कमीपणा काही नाही.

स्वस्तातल्या स्वस्त दराचंही असंच. आपल्याकडे रस्त्याच्या कामात ‘पंचवीस टक्के बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तितक्या कमी दराने गेलं, की कचेरीत बचतीचा आनंद होतो. मला तेव्हा दोनच शक्यता दिसतात: आपलं अंदाजपत्रक फुगलेलं होतं किंवा रस्त्यातली खडी कमी होणार आहे. फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेतात, ती याच भीतीपोटी. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये दरासोबत गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट काही कामांसाठी मोकळी केली. तिचा उपयोग करायला गुण कशाला आणि किती, हे आधी जाहीर करण्याची हिंमत लागते, आणि ती थोड्यांकडेच असते.

आता सहीनंतरचं. आपल्याकडे लग्नाची तयारी सहा महिने चालते आणि संसाराचा विचार कुणीच करत नाही, तसं कराराचं आहे. कार्यारंभ आदेश निघाला, फोटो निघाला, फाईल कपाटात गेली. खरं काम तिथून सुरू होतं. ठेकेदाराला जागा मोकळी करून देणं आपल्याकडे होतं, ती दिली का? त्याने लिहिलेल्या पत्राला उत्तर गेलं का? पुढे लवादापुढे उभं राहिल्यावर उत्तर न दिलेली ती पत्रंच एकेक करून वाचली जातात. बांधकामात मोजमाप पुस्तक असतं. पानांना क्रमांक घातलेलं, पान फाडायचं नाही, खाडाखोड केली तर तिथे सही करायची. कंटाळवाणी वही आहे. पण पैसे तिच्यावर दिले जातात, त्यामुळे तिच्यातली नोंद टेबलावर बसून होऊ लागली की पूल कागदावर पूर्ण होतो.

आणि पैसे वेळेवर द्या. सूक्ष्म व लघु उद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागेल, हे त्यांच्यासाठीच्या २००६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. केंद्राने २०२१ च्या त्याच सूचनांमध्ये चालू देयकाचे ७५ टक्के १० कामकाजी दिवसांत द्यायला सांगितलं. तरी ‘बिल अडकलंय’ हे वाक्य आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत रोज ऐकू येतं. अडकवणाऱ्याला वाटतं आपण सरकारचा पैसा राखतोय. पुढच्या निविदेत पुरवठादार तो उशीर दरात मिळवून मोकळा होतो.

सरकार हे बलदंड गिऱ्हाईक असतं, आणि त्याने कसं वागावं हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिलेलं पाहा. रयतेने वाढवलेल्या आंब्याफणसाला हात लावायचा नाही. झाड जीर्ण झालेलं असेल तरी धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडायचं. राज्याला जहाजं हवी होती, तीही तातडीने, आणि तरी हा नियम होता.

चांगली व्यवस्था कशी दिसते हे पाहायचं असेल तर तमिळनाडूला जा. १९९४ मध्ये तिथे औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ निघालं. जिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यात किती रकमेची औषधं उचलता येतील ते लिहिलेलं, आणि नमुना प्रयोगशाळेतून पास झाल्याशिवाय माल बाहेर नाही. यात न समजण्यासारखं काहीच नाही. महाराष्ट्राने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये. तुमच्यापैकी काहीजण तिथे जावेत अशी माझी इच्छा आहे.

अधिकाऱ्याला वाटणाऱ्या भीतीबद्दलही बोललं पाहिजे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात एक कलम होतं: लोकहित नसताना दुसऱ्याला आर्थिक लाभ मिळवून दिला, तर स्वतः दमडी न घेताही अधिकारी गुन्हेगार ठरू शकत होता. २०१८ च्या दुरुस्तीत ते गेलं. कलम गेलं तरी सवय गेली नाही. फाईलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून ती खाली पाठवायची, चर्चा करायची नाही, आणि बदलीची वाट बघायची. या शेऱ्याने औषध येत नाही, पण शेरा मारणाऱ्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. यावर उपाय एकच मला ठाऊक आहे: टिपणी लिहायला शिका. पर्याय कोणते होते, त्यातला हा का घेतला, कोणती माहिती त्या दिवशी उपलब्ध नव्हती, हे साध्या मराठीत, तारखेसह. पाच वर्षांनी आलेल्या लेखापरीक्षकाला तुमचा चेहरा दिसत नाही, फक्त ते पान दिसतं.

नोकऱ्या कुठे आहेत हे तुम्ही मला विचारणारच. महापालिका, मेट्रो कंपन्या, बंदरं, वीज कंपन्या, जागतिक बँकेच्या पैशावर चालणारे प्रकल्प, शिवाय या सगळ्यांना माल पुरवणाऱ्या खासगी कंपन्या, ज्यांना निविदा वाचता येणारा माणूस हवाच असतो. ई-निविदा आली, २०१६ मध्ये जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आलं, त्यामुळे लिफाफे पळवण्याचे जुने प्रकार बरेच थांबले. वाईट अट मात्र पोर्टलवरही तितकीच वाईट राहते. १८७२ चा करार कायदा पुन्हा वाचा. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळात ठेवले जातात, ते गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचता येतात, निदान मला तरी. आणि पहिली काही वर्षं मुख्यालयात बसायला मिळालं नाही म्हणून रडू नका. भांडारात बसा, माल उतरताना उभे राहा, खोकी उघडून मोजा.

रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात चालू करारांची यादी मागा आणि प्रत्येकापुढे बँक हमीची मुदत लिहून काढा. एखादी या महिन्यात संपत असेल, ठेकेदाराचं काम अर्धवट असेल आणि मुदतवाढ आलेली नसेल, तर स्वागताचे हार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बँकेला पत्र पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.