मोठं कोण?

आमच्या बोरिवलीच्या गटात परवा बचतीचा हिशोब झाल्यावर वाद रंगला, महाराष्ट्राचं सायकलवरचं सगळ्यात मोठं नाव कोणतं?

काहीजणी म्हणाल्या, नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू. हितेंद्र आणि महेंद्र. 2015 साली दोघांनी आळीपाळीनं सायकल चालवत अमेरिका आडवी पार केली, सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत!

बाकीच्यांनी पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं नाव धरलं. 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, तिनं 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, बराचसा रस्ता एकटीनं. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी ती थांबली नाही.

वेग पाहिला तर भाऊ पुढे. पण रात्री परक्या रस्त्यावर एकटी पोरगी! आमचं बहुमत वेदांगीला.

मग आम्हीच आम्हाला विचारलं, आपल्या घरातली सायकल कुणाकडे असते? मुलाकडे. मुलगी शाळेला पायी.

म्हणून ठरवलं, मुलीच्या सायकलसाठीही गटातून कर्ज द्यायचं. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल, तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी सरकारी मदत मिळते. शाळेत जाऊन विचारा. आणि तुमचं मत कुणाला, तेही कळवा.