केसपेपरांचे राखणदार

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन हे एक मोठे शहर आहे. २०११च्या सुमारास तेथील सार्वजनिक रुग्णालयांच्या दप्तरात ३४ लाखांवर रुग्णांची नोंद होती. त्या दप्तरात मारिया गार्सिया या एकाच नावाच्या २,४८८ व्यक्ती आढळल्या आणि त्यांतल्या २३१ जणींची जन्मतारीखही दुसऱ्या एखाद्या मारिया गार्सियाशी तंतोतंत जुळत होती. एका मारियाला पेनिसिलीन सोसत नसेल, दुसरीला चालत असेल. एकीचा रक्तगट निराळा, दुसरीचा निराळा. मध्यरात्री बेशुद्ध अवस्थेत आणलेली बाई यांपैकी नेमकी कोणती, हे ज्याच्या व्यवस्थेवर ठरते तो माणूस तिच्या खाटेपाशी उभा नसतो. रुग्ण त्याला ओळखत नाही आणि तोही रुग्णाला ओळखत नाही. हा माणूस कोण, त्याने आपले काम कोठे शिकावे आणि चूक झाल्यास त्याला जाब कोणी विचारावा? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधताच अमेरिकेत या माणसांची एक व्यावसायिक संघटना उभी राहिली. तिच्या वाढीची कथा एका संस्थेपुरती मर्यादित नाही.

कथेचा आरंभ संगणकाच्या फार आधी होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यवैद्यांच्या मंडळाने १९१८ साली शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. किमान कसोटीला उतरली अवघी ८९. नामांकित रुग्णालयांची नावेही नापासांत होती. ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये, म्हणून १९१९ साली न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या भट्टीत ती जाळून टाकण्यात आली, असे सांगतात. यादी जळाली, पण धडा उरला. प्रत्येक रुग्णाचे टिपण अचूक व पूर्ण असले पाहिजे, ही त्या किमान कसोटीतील एक प्रमुख अट होती. टिपणे ठेवायची, तर ती ठेवणारी माणसेही हवीत. १९२८ साली बोस्टन येथे अशा दप्तर सांभाळणाऱ्यांची पहिली संघटना स्थापन झाली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रंथपाल ग्रेस व्हायटिंग मायर्स या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कपाटातला कागद हा रोग्याच्या शरीराचाच एक भाग आहे, अशा निष्ठेने या मंडळींनी तो सांभाळला.

पुढे कागदांच्या जोडीला यंत्रे आली. १९६१ साली अटलांटा येथे, रुग्णालयांच्या कारभारात अभियांत्रिकीची शिस्त आणू पाहणाऱ्यांनी आपली निराळी संस्था काढली. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली आणि बिलांचे डोंगर उपसण्यासाठी संगणकाची गरज वाढली. १९८३ साली तर मेडिकेअरने पैसे देण्याची रीतच पालटली. झालेल्या खर्चाची भरपाई करण्याऐवजी, आजाराच्या गटानुसार आधी ठरवलेली रक्कम रुग्णालयाला मिळू लागली. कोणत्या रुग्णावर काय खर्च झाला हे न कळणारे रुग्णालय आता बुडणार, हे उघड झाले. तोवर हिशेबनिसाच्या हाताखाली यंत्रे चालविणारा माणूस एकाएकी व्यवस्थापकांच्या बैठकीत हवासा वाटू लागला. त्याला 'मुख्य माहिती अधिकारी' असे भारदस्त नाव मिळाले.

नाव मिळाले, पण सोबती मिळाला नाही. एका रुग्णालयात शल्यवैद्य पुष्कळ असतात, परिचारिका त्याहून अधिक. मुख्य माहिती अधिकारी मात्र एकच. डॉक्टरांना तो कारकून वाटे, तंत्रज्ञांना साहेब वाटे आणि विश्वस्तांना खर्चाची बाब वाटे. आपल्याला पडलेले कोडे दुसऱ्या कोणी सोडविले आहे काय, हे विचारायला त्याला शेजारच्या, कदाचित स्पर्धक रुग्णालयातच जावे लागे. या एकाकीपणातूनच १९९२ साली 'कॉलेज ऑफ हेल्थकेअर इन्फर्मेशन मॅनेजमेंट एक्झिक्युटिव्ह्ज' ही संस्था जन्मली. आद्याक्षरांवरून तिला 'चाइम' म्हणतात. बोस्टनमधील एका रुग्णालयाचे माहिती अधिकारी जॉन ग्लेसर हे तिचे पहिले अध्यक्ष. येथे 'कॉलेज' म्हणजे विद्यार्थ्यांचे महाविद्यालय नव्हे. शल्यवैद्यांच्या मंडळाप्रमाणे, एका व्यवसायातील समानधर्मी माणसांनी एकमेकांना शिकवावे आणि एकमेकांवर नजर ठेवावी, हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे.

काळाने या मंडळाला हात दिला. उपचारातील चुकांमुळे अमेरिकेतील रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरत असावीत, असा अंदाज तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ सालच्या अहवालाने मांडला आणि देश हादरला. डॉक्टरांचे दुर्बोध अक्षर हादेखील आता प्राणघातक दोष मानला जाऊ लागला. २००९ साली कायदा होऊन, संगणकीय रुग्णनोंदी स्वीकारणाऱ्या रुग्णालयांना सरकारने अब्जावधी डॉलर देऊ केले. २००८ साली शंभरांतील दहा रुग्णालयांतही अशी मूलभूत व्यवस्था नव्हती. २०१५ पर्यंत ९६ टक्के रुग्णालयांनी प्रमाणित प्रणाली घेतल्या होत्या. त्याच २००९ साली चाइमने आपल्या सभासदांसाठी परीक्षा व प्रमाणपत्राची सोय केली. २०१२च्या सुमारास सभासद चौदाशेच्या आसपास होते. पुढल्या दहा वर्षांत ते पाच हजारांवर गेले. रुग्णालयांतील माहितीच्या सुरक्षेचा भार वाहणाऱ्यांसाठी २०१४ साली निराळी शाखा निघाली. ती अनाठायी नव्हती. २०२४च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर या देयके हाताळणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला, तेव्हा देशभरातील औषधालये आणि दवाखाने अडून पडले आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती धोक्यात आली.

सभासदांची संख्या वाढली म्हणजे संघटना वाढली, असे मात्र नव्हे. वाढीबरोबर दोन सावल्याही येतात. पहिली पैशाची. यंत्रे आणि प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांसाठी चाइमची एक जोडसंस्था आहे आणि तिच्यात दीडशेच्या घरात कंपन्या सामील झाल्या. विकणारा आणि घेणारा एकाच मांडवात बसले, तर घेणाऱ्याला नवे ज्ञान मिळते हे खरे. परंतु त्याच्या निवाड्यावर यजमानाच्या पाहुणचाराचे ओझे पडणारच नाही, याची खात्री कोणी द्यावी? व्यवसाय आणि धंदा यांतील ही सीमा रोज नव्याने आखावी लागते. दुसरी सावली डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसते. रोग्याकडे पाहण्याऐवजी पडद्याकडे पाहत टंकलेखन करावे लागते, ही त्यांची तक्रार आता सार्वत्रिक झाली आहे. दप्तर पूर्ण झाले, पण डॉक्टर-रुग्णांचा संवाद खुंटला, तर त्या पूर्णतेची किंमत तपासून पाहिली पाहिजे.

या संघटनेची खरी परीक्षा मात्र मारिया गार्सियाच्याच प्रश्नाने घेतली. प्रत्येक नागरिकाला आरोग्यासाठी एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, अशी तरतूद १९९६ सालच्या अमेरिकन कायद्यात होती. पण सरकारच्या हाती प्रत्येकाच्या आजारांची किल्ली जाईल, या भीतीने १९९८ साली अमेरिकन काँग्रेसने त्यासाठी पैसा खर्च करण्यास बंदी घातली आणि ती बंदी वर्षानुवर्षे चालू राहिली. चाइमने ती उठावी म्हणून खटपट केली. २०१६च्या जानेवारीत तर रुग्णाची अचूक ओळख पटविणारा उपाय सुचविणाऱ्यास दहा लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. जगभरातून कल्पना आल्या. तथापि, अपेक्षित फळ हाती येत नाही हे दिसताच, २०१७च्या नोव्हेंबरात ती स्पर्धा स्थगित केली. याला पराभव म्हणणारे म्हणोत. गाजावाजाने पुकारलेली स्पर्धा उघडपणे थांबविणे, ही व्यावसायिक प्रामाणिकपणाचीच खूण आहे. वैद्याला जसे 'या रोगावर माझ्यापाशी औषध नाही' असे सांगता आले पाहिजे, तसेच हे.

आपल्या देशाने या बाबतीत निराळी वाट धरली. २०२१च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि नागरिकाला स्वेच्छेने चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेता येऊ लागला. अमेरिकेत यंत्रे आहेत पण क्रमांक नाही. आपल्याकडे क्रमांक आला आहे, पण कितीतरी रुग्ण अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर घेऊन दवाखान्याची पायरी चढतात. म्हणून क्रमांक मिळाला की काम संपले, असे समजण्याचे कारण नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २०२२च्या नोव्हेंबरात सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तेथील कारभार पुन्हा हाताने, कागदावर करावा लागला. क्रमांक जपणारा माणूस जाणता आणि जबाबदार नसेल, तर क्रमांक असून नसल्यासारखाच.

ग्रेस मायर्स यांच्या कपाटातल्या कागदापासून आजच्या अदृश्य भांडारापर्यंत साधने पार पालटली, पण कर्तव्य तेच राहिले. रुग्ण आपले गुपित विश्वासाने सांगतो; ते योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडावे आणि इतर कोणाच्याही हाती पडू नये, एवढेच ते कर्तव्य आहे. व्यावसायिक संघटनेची उंची तिच्या अधिवेशनांच्या थाटावर मोजू नये. मध्यरात्री बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या मारियाला तिचेच रक्त, तिचेच औषध आणि तिचेच नाव मिळाले की नाही, यावर ती मोजावी.