जुन्या संगणकाची नवी जोडणी

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें सुमारें २५ किलोमीटर गेलें म्हणजे फुलंब्री लागतें. कापूस, मका आणि आलें पिकविणाऱ्या तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. अशा गांवांतील घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि सेतु केंद्रांत जे संगणक दिसतात, ते सगळेच कांहीं नवेकोरे नसतात. एखादा शहरांतील जुन्या मालाच्या दुकानांतून आलेला असतो, तर एखादा थोरल्या भावाचें शिक्षण संपल्यावर धाकट्या बहिणीच्या वांट्यास आलेला असतो. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. घरगुती वापरासाठीं ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत ठेवण्यांत आली. परंतु मुदत म्हणजे कायमची सोय नव्हे. पुढची प्रणाली विंडोज ११. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतींत ही सीमा साधारणपणें २०१७ सालीं निघालेल्या आठव्या पिढीपाशीं आंखलेली आहे. त्याआधींचा लॅपटॉप कितीही धडधाकट असला, तरी त्याला या दारांतून प्रवेश नाहीं.

अशा वेळीं घरापुढें तीन वाटा उरतात. नवें यंत्र विकत घ्यावें, जुनें तसेंच धोका पत्करून वापरावें, किंवा त्यावर लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली बसवावी. तिसरी वाट बिनखर्चाची आहे. पण तिच्या तोंडाशींच एक प्रश्न उभा असतो. नवी प्रणाली जुन्या यंत्राच्या अवयवांना ओळखील काय? वाय-फाय चालेल काय, आवाज निघेल काय, प्रिंटर छापील काय? या प्रश्नाचें उत्तर दैवावर सोंपविण्याचें कारण नाहीं. तें शोधण्याची एक ठरलेली रीत आहे.

अडचणीचें स्वरूप मराठवाड्याला जुन्या काळापासून ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादेहून औरंगाबादमार्गें मनमाडपर्यंत आलेला लोहमार्ग एक मीटर रुंदीचा होता, आणि मनमाडास त्याची गांठ पडे ती १.६७६ मीटर रुंदीच्या मार्गाशीं. दोन्हीं बाजूंच्या गाड्या उत्तम, रूळही भक्कम; तरीपण एकीकडची गाडी दुसरीकडे जाऊं शकत नसे. उतारूंना गाडी बदलावी लागे, आणि कापसाचा प्रत्येक गठ्ठा उतरवून पुन्हां चढवावा लागे. १९९० नंतरच्या दशकांत औरंगाबादचा मार्ग रुंद झाला तेव्हां ही यातायात संपली. संगणकांतही पुष्कळदा असेंच असतें. यंत्र बिघडलेलें नसतें, प्रणालीही सदोष नसते; दोहोंचें माप तेवढें जुळलेलें नसतें.

हें माप जुळविणाऱ्या दोन वस्तु आहेत. पहिली ड्रायव्हर. प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला प्रत्येक उपकरणाची भाषा उपजत येत नाहीं. ती भाषा जाणणारा जो दुभाषी, तोच ड्रायव्हर. दुसरी वस्तु फर्मवेअर. कित्येक उपकरणांच्या पोटांत स्वतःचा एक छोटा संगणकच असतो, आणि यंत्र सुरू होतांना त्याला कंपनीनें तयार केलेली एक फाइल भरवावी लागते. दुभाषी हजर आहे, पण फाइल नाहीं, अशा स्थितींत उपकरण मुकें राहतें. या फायली वाटण्याचे हक्क कंपन्यांकडे असल्यामुळें डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पानें त्या पुष्कळ वर्षें आपल्या अधिकृत स्थापनासंचाबाहेर ठेविल्या होत्या. २०२२ सालीं तेथील सभासदांनीं मतदान करून हा नियम बदलला, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या डेबियन १२ पासून त्या संचांत येऊं लागल्या. त्या एका निर्णयानें कित्येक लॅपटॉपांचें वाय-फाय पहिल्या दिवसापासून चालूं लागलें.

या सगळ्या चळवळीच्या मुळाशींही एक न जुळलेलें उपकरणच आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यांत कागद वरचेवर अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुणानें आधींच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्यें फेरफार करून, कागद अडकला कीं वापरणाऱ्यांना तशी सूचना मिळेल, अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा प्रोग्रॅम मात्र वाचावयास मिळेना. ज्याच्यापाशीं तो होता, त्यानें गुप्ततेच्या करारावर बोट ठेवून नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्यें स्टॉलमन यांनीं सर्वांना वाचतां व बदलतां येईल अशा ग्नू प्रणालीची घोषणा केली. तिला गाभा मिळाला तो १९९१ सालीं. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें स्वतःच्या ३८६ जातीच्या संगणकासाठीं कर्नल लिहिलें, आणि आपल्यापाशीं जी हार्डडिस्क आहे तिच्यापलीकडे हें बहुधा चालणार नाहीं, असेंही त्यानें आरंभींच सांगून टाकिलें. त्याच वर्षीं पुण्याच्या सी-डॅकनें ६४ ट्रान्सप्युटर जोडून परम ८००० हा महासंगणक उभा केला होता. पुढें नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालूं लागलें. फुलंब्रीच्या जुन्या लॅपटॉपावर जें कर्नल बसावयाचें, तें त्याच वंशाचें आहे.

आतां प्रत्यक्ष रीत. पहिला नियम हा कीं, घर पाडण्यापूर्वीं नव्या घरांत एक रात्र राहून पहावें. लिनक्स पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावतां, चालवून पाहतां येतें. आठ जीबीचा पेनड्राइव्ह त्यास बहुधा पुरतो. त्यापूर्वीं घरांतील कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. विंडोजनें हार्डडिस्क कुलूपबंद केली असेल, तर तिची लांबलचक किल्लीही कागदावर उतरून घ्यावी. मग पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून एकेक अवयव तपासावा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि पडद्याचा उजेड पहावा. झांकण मिटून पुन्हां उघडल्यावर यंत्र जागें होतें कीं नाहीं, हें बहुतेकजण पहावयास विसरतात, आणि पुढें नेमका तेथेंच त्रास होतो. येथें सर्व ठीक चाललें, तर पुढचें काम निर्धास्तपणें करावें.

एखादा अवयव चालला नाहीं, तर दुसरा नियम. उपाय शोधण्यापूर्वीं निदान करावें. टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय हीं अक्षरें सलग लिहिलीं म्हणजे यंत्राच्या आंत बसविलेल्या उपकरणांची यादी येते. पी-सी-आय च्या जागीं यू-एस-बी लिहिलें तर यूएसबीमार्गें जोडलेल्यांची येते. पहिल्या आज्ञेपुढें एक जागा सोडून आडवी रेघ आणि एन-एन-के हीं अक्षरें जोडावींत; म्हणजे प्रत्येक उपकरणाचा क्रमांक आणि त्याला लाभलेल्या ड्रायव्हरचें नांवही दिसतें. हा क्रमांक चार-चार चिन्हांच्या दोन भागांचा असतो. पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. इंटेल कंपनीनें आपल्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरची आठवण ठेवून ८०८६ हाच क्रमांक घेतला आहे. खोक्यावरचें नांव फसवें असूं शकतें; एकाच नांवाच्या मालांत कंपन्या निरनिराळ्या चिपा घालतात. क्रमांक मात्र फसवीत नाहीं. म्हणून चौकशी करावयाची ती नांवाची नव्हे, क्रमांकाची.

या यादीवरून तीन निष्कर्ष निघूं शकतात. उपकरण यादींत मुळींच नसेल, तर ड्रायव्हर शोधणें व्यर्थ आहे. तें सैल बसलें असेल, बायोसमध्यें बंद केलें असेल, किंवा खरोखरच निकामी झालें असेल. उपकरण यादींत आहे पण ड्रायव्हरचें नांव नाहीं, तर दुभाषी हवा आहे. ब्रॉडकॉमच्या कांहीं वाय-फाय चिपांचें असें होतें. त्यांचा ड्रायव्हर वेगळा मागवून बसवावा लागतो. ड्रायव्हरही आहे आणि तरी काम नाहीं, तर सुडो हा शब्द आधीं लावून डी-मेसेज ही आज्ञा द्यावी. तींत कर्नलची रोजनिशी उघडते. तेथें फर्मवेअर सांपडलें नाहीं अशी ओळ असेल, तर रोगाचें नांव कळलें. वाय-फायच्या बाबतींत आर-एफ-किल ही आज्ञाही विसरूं नये; लॅपटॉपाच्या कडेचें बटण चुकून दाबलें गेल्यामुळें रेडिओ बंद असल्याचें ती सांगते.

येथें एक कोडें उभें राहतें. वाय-फायचा ड्रायव्हर आणावयाला इंटरनेट लागतें, आणि इंटरनेट यावयाला वाय-फाय लागतें. खेड्यापाड्यांतल्या घरांत दुसरी तार नसते, म्हणून पुष्कळजण येथेंच हात टेकतात. उत्तर खिशांत असतें. मोबाइल चार्जिंगच्या तारेनें संगणकास जोडून त्याच्या सेटिंगांतील यूएसबी टेथरिंग सुरू करावें. लिनक्स तो मोबाइल म्हणजे साधी तार समजून बहुधा लगेच स्वीकारतें, आणि हवी ती फाइल उतरवून घेतां येते.

आणखी दोन अडथळे ध्यानांत ठेवावे. सिक्युअर बूट ही सोय चालू असेल, तर सहीशिक्क्याविना आलेला ड्रायव्हर कर्नल आंत घेत नाहीं; अशा वेळीं त्या ड्रायव्हरची किल्ली यंत्रांत नोंदवावी लागते. दुसरा अडथळा वयाचा. अगदीं नव्या यंत्राला नवें कर्नल हवें असतें. उलट फार जुन्या, ३२ बिटांच्या संगणकाला नव्या आवृत्त्या आतां थारा देत नाहींत. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ नें अशा यंत्रांसाठीं नवी स्थापना देणें थांबविलें.

प्रिंटरचा विचार स्वतंत्रपणें करावा, कारण दुकानदाराचें पोट त्यावर असतें. गेल्या कांहीं वर्षांतील, जाळ्याला जोडले जाणारे बहुतेक प्रिंटर एका समान नियमानें बोलतात, आणि त्यांना निराळा ड्रायव्हर लागत नाहीं. जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांची गोष्ट वेगळी. कॅनन कंपनीचा एलबीपी २९०० हा आपल्या देशांतील दुकानांत फार ओळखीचा. पान जुळविण्याचें काम तो संगणकावर टाकतो, आणि त्यासाठीं कॅप्ट नांवाची कंपनीची खास भाषा वापरतो. कंपनीनें लिनक्ससाठीं ड्रायव्हर दिला होता. परंतु तो नव्या आवृत्त्यांवर बसवितांना कटकट होते, आणि स्वयंसेवकांनीं ती भाषा उलगडून केलेला मुक्त ड्रायव्हरही आहे. छापखान्यासारखें काम ज्या प्रिंटरावर चालतें, त्याची ही परीक्षा आधीं पेनड्राइव्हवरून घेतल्याविना दुकानाचा संगणक बदलूं नये. अंगठ्याचा ठसा घेणारें यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, यांचेंही तसेंच. ज्या सेतु केंद्राचा धंदा या साधनांवर आहे, त्यानें त्या त्या कंपनीकडे लिनक्सची सोय आहे काय हें लेखी विचारावें. ती नसल्यास त्या कामापुरता एक संगणक पूर्वीच्या प्रणालीचाच, परंतु चालू देखभालीचा, ठेवावा. मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप आणि रोजीरोटीचा संगणक यांना एकच माप लावणें शहाणपणाचें नव्हे.

तिसरा नियम सर्वांत साधा, आणि म्हणूनच सर्वांत जास्त मोडला जाणारा. एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो वहींत लिहून ठेवावा. कोणीं सांगितलेल्या दहा आज्ञा एकापाठोपाठ दिल्या, तर यंत्र सुरू झालें तरी कशानें झालें तें कळत नाहीं, आणि बंद पडलें तर मागें फिरण्याची वाट सांपडत नाहीं. वहींत उपकरणाचा क्रमांक, कर्नलची आवृत्ति, रोजनिशींतील ओळ आणि केलेला उपाय एवढें असलें म्हणजे पुरे. मदत मागावयाची वेळ आली, तर ही वहीच अर्धें काम करते. "वाय-फाय चालत नाहीं" या वाक्याला कोणी उत्तर देऊं शकत नाहीं. क्रमांक आणि ओळ दाखविली तर जाणकार दोन मिनिटांत बोलूं लागतो.

याउपर जें यंत्र जुळतच नाहीं, त्याचाही विचार करावा. पांच-सहाशें रुपयांच्या आसपासचा, लिनक्सला ओळखीच्या चिपचा वाय-फायचा खडा यूएसबींत लावून पुष्कळ लॅपटॉप वांचतात. आंतला निकामी भाग तसाच राहिला तरी बिघडत नाहीं. हाही उपाय चालला नाहीं, तर यंत्र उकिरड्यावर टाकूं नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तें नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेलें पाहिजे. त्यांत शिसें आणि इतर विषारी द्रव्यें असतात, आणि तीं विहिरीच्या पाण्यांत उतरावयाला वेळ लागत नाहीं.

परंतु ही वेळ येते ती शेवटीं. त्याआधीं एक संध्याकाळ, एक पेनड्राइव्ह आणि एक वही एवढ्या भांडवलावर पुष्कळ यंत्रें पुन्हां कामाला लागतात. आणि ज्या घरांत हें काम दहावीच्या मुलीनें स्वतः केलें असेल, त्या घराला संगणकाबरोबर एक जाणकारही मिळालेला असतो.