विषाणूला दारातच अडवायचे!

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. पण १९९४ चा सप्टेंबर मी सुरतेत पाहिला आहे. बाप्पांच्या विसर्जनाला थोडेच दिवस झाले होते आणि प्लेगची बातमी पसरली. तोंडाला रुमाल बांधून लोक स्टेशनकडे धावत होते. आम्हीही नंदुरबारला मामांकडे गेलो. निघताना वडिलांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल कशाबशा मिळवल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या घरात सवयच लागली. ताप आला की कपाटातली उरलेली अँटिबायोटिक घ्यायची. तुमच्याही घरी असेच असेल.

प्लेगमध्ये ते औषध बरोबर होते. प्लेगचा जंतू म्हणजे जिवाणू. तो आपली प्रथिने स्वतः बनवतो आणि टेट्रासायक्लिन नेमका तोच कारखाना बंद पाडते. विषाणूकडे कारखानाच नसतो. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच यंत्रावर स्वतःच्या प्रती काढून घेतो. सुरतच्या भाषेत सांगायचे तर लूम आपले, वीज आपली, सूत आपले आणि माल त्याचा! जिथे यंत्रच नाही, तिथे यंत्र बंद पाडणारी कॅप्सूल काय करणार?

म्हणून त्याला दारातच अडवणे उत्तम. कोरोना विषाणूच्या अंगावर काटे असतात. प्रत्येक काटा तीन सारख्या प्रथिनांची जुडी. तिचे टोक वर उघडते आणि पेशीवरच्या ‘एसीई-२’ या प्रथिनाला चिकटते. मग आपल्याच शरीरातली एन्झाइम्स तो काटा कापतात. वाऱ्याने छत्री उलटावी तसा काट्याचा उरलेला भाग पालटतो, विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाला भिडवतो आणि आत वाट होते. अँटिबॉडी आधीच त्या टोकावर बसली, तर हे सारे तिथेच थांबते.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये केरळच्या पहिल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, असे सात कण पाहिले. त्यातला नीट टिकलेला एक कण ७५ नॅनोमीटरचा होता. एका मिलिमीटरमध्ये असे तेरा हजारांहून अधिक कण ओळीने बसतील! याच संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून पुढे कोवॅक्सिन तयार झाली. तिच्यात निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू असतो. पुण्यातच बनलेली कोविशील्ड शरीराला फक्त काट्याचा आराखडा देते. दोन्ही लसी शरीराला तो काटा ओळखायला शिकवतात.

‘लस घेऊनही ओमिक्रॉन का झाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. ओमिक्रॉनच्या काट्यात तीसहून अधिक बदल झाले होते. जुन्या अँटिबॉडींची पकड सुटली आणि दारावरचा पहारा चुकला. पण लसीने तयार झालेल्या इतर पेशी आत शिरलेल्या विषाणूला ओळखत होत्या, म्हणून बहुतेकांचे दुखणे घरातच निभावले.

शेवटी एकच विनंती. उरलेल्या कॅप्सूल जपून ठेवू नका आणि मनाने घेऊ नका. ताप जिवाणूचा की विषाणूचा, हे डॉक्टरांना ठरवू द्या. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जिवाणू निर्ढावतात आणि प्लेगसारख्या खऱ्या संकटात तेच औषध निकामी ठरू शकते. १९९४ मध्ये ज्या औषधाने सुरत वाचवली, त्याची धार आपण राखली पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!