रक्तातील प्रथिने आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग



आजचा विषय घरात मोठ्याने बोलण्याचा नाही असे समजतात. म्हणूनच तो सभेत काढला आहे. २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग जडला आणि ७७ हजारांवर स्त्रिया दगावल्या. वास्तविक पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. एवढा अवधी हाती असून बाई जाते, कारण तपासणीच होत नाही. टेबलावर निजून अंग दाखवणे तिला नको वाटते. दंडात सुई टोचून भागले तर? रक्ताच्या चाचणीची ओढ आहे ती ह्यासाठी.

अंडे उकडले की पांढरा भाग घट्ट होतो. उष्णतेने प्रथिनांची मूळ घडी मोडते, आणि प्रत्येक प्रथिनाची घडी मोडण्याचे तापमान निराळे असते. रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्या की पिवळसर रक्तद्रव उरतो. तो नाजूक यंत्रात हळूहळू तापवून, अंशाअंशाला किती उष्णता शोषली जाते ते टिपतात. निघते ती डोंगररांगेसारखी रेषा. निरोगी माणसात तिचे मोठे शिखर ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते मुख्यत्वे अल्ब्युमिनचे. अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाच्या निकोला गार्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले, की ह्या कर्करोगात रेषेचे रूपच पालटते, ती अधिक तापमानाकडे सरकते. त्यांचा तर्क मोठा मौजेचा आहे. अल्ब्युमिन हा रक्तातला हमाल. रोगट भागातून आलेले बारीक रेणू त्याच्या पाठीवर बसले की त्याची घडी अधिक पक्की होते. म्हणजे हमाल तेवढेच, ओझे निराळे!

कल्पना सुंदर आहे. पण मी तिच्यावर भाळणार नाही. संधिवातासारख्या रोगांतही ही रेषा बदलते. शिवाय हिशेब पाहा. समजा, दहा हजार स्त्रियांत वीस जणींना रोग आहे, आणि चाचणी निरोगी शंभरांत पाच वेळा चुकते. वीस जणी शोधताना सुमारे पाचशे जणींची झोप उडेल. गावोगावच्या तपासणीत ही चाचणी अजून उतरलेली नाही.

आणि जी उतरली ती आपल्या दाराशीच. ह्या रोगाचे मूळ पॅपिलोमा विषाणूत आहे हे दाखवून देणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूची चाचणी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झाली. सव्वा लाखावर स्त्रियांच्या ह्या प्रयोगाचा निष्कर्ष २००९ साली आला : एकदाच चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्मे! मुंबईच्या झोपडवस्त्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या सेविकांनी साध्या शिरक्याच्या आम्लाने तपासणी करून मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी उतरवले.

राहता राहिला संकोच. विषाणूच्या चाचणीचा नमुना आता स्त्रीला आडोशाला जाऊन स्वतःच घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली आहे. मग रक्ताच्या चाचणीची वाट पाहत तिशीपुढच्या बाईने घरी का बसावे, हे मला उमगत नाही.

आता प्रश्न. ज्या भगिनींना उभे राहून विचारणे अवघड वाटेल, त्यांनी नाव न घालता चिठ्ठी पुढे पाठवावी.